तंट्यात तज्ज्ञाचे मोल : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील काही धडे

पुण्याच्या वायव्येस पवना नदीच्या काठी वसलेली पिंपरी व चिंचवड ही गावे एके काळी शेतीवर जगत होती. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील औषध कंपनीची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड या परिसरात कारखान्यांची रांगच उभी राहिली. १९७० साली येथे नवनगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली. पुढे हा विस्तार इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात गेला. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, आंबेठाण या गावांच्या शिवारात मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले, आणि चाकणचे नाव देशाबाहेरही जाऊन पोहोचले.

उद्योग वाढतात तेव्हा त्यांच्याबरोबर तंटेही वाढतात. एका इंजिनाची कल्पना कोणाची, पुरविलेला माल करारातील प्रतीचा होता की नव्हता, नदीत सोडलेले पाणी किती दूषित होते, आयात केलेल्या मालावर कोणत्या दराने शुल्क द्यावयास हवे होते, स्फोट कशामुळे झाला, असे हे प्रश्न असतात. न्यायाधीश कायद्याचे जाणकार असतात. परंतु इंजिनाची रचना, पाण्याचे रासायनिक पृथक्करण अथवा कंपनीचे हिशेब हा त्यांच्या अभ्यासाचा विषय असतोच असे नाही. अशा वेळी त्या त्या विषयातील तज्ज्ञाला पाचारण करावे लागते. तज्ज्ञसेवा हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला असून अभियंते, लेखापाल, रसायनशास्त्रज्ञ, संगणकतज्ज्ञ व अर्थशास्त्रज्ञ त्यात काम करतात.

हा विषय केवळ मोठ्या कंपन्यांचा व त्यांच्या वकिलांचा आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. तज्ज्ञाचे मत ज्या नोंदींवर, मोजमापांवर आणि नमुन्यांवर उभे असते, त्यांतील कित्येक गोष्टी कारखान्याच्या फाटकावर, ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि शासकीय निरीक्षकाच्या वहीत तयार होतात. त्या कच्च्या असतील तर कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी त्याचे मत टिकत नाही. या पट्ट्यातील काही प्रकरणांच्या आधारे ही गोष्ट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

कायद्यातील तज्ज्ञाचे स्थान

सामान्य साक्षीदाराने स्वतः पाहिलेले व ऐकलेले तेवढेच सांगावयाचे असते. आपले मत देण्याचा अधिकार त्याला सर्वसाधारणपणे नसतो. या नियमाला तज्ज्ञ हा एक महत्त्वाचा अपवाद आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली असून त्याच्या कलम ३९ मध्ये ती तरतूद आली आहे. परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे यांसारख्या विषयांवर विशेष जाणकार व्यक्तीचे मत न्यायालयापुढे येऊ शकते.

मात्र तज्ज्ञाचे मत म्हणजे निकाल नव्हे. ते मत न्यायालयावर बंधनकारक नसते. मत कोणत्या आधारावर बनले हे तज्ज्ञाने सांगितले पाहिजे, म्हणजे न्यायाधीशाला ते पारखून स्वतःचा निर्णय करता येतो. हिमाचल प्रदेशातील सफरचंदांच्या बागांसंबंधीच्या एका प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. केवळ अधिकारपदामुळे कोणी तज्ज्ञ ठरत नाही. त्या विशिष्ट विषयाचा अभ्यास व अनुभव त्याला असला पाहिजे, आणि ज्या कसोट्या लावून तो निष्कर्षाप्रत आला त्या त्याने न्यायालयापुढे मांडल्या पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. शासकीय अधिकाऱ्यांनी हा धडा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तज्ज्ञ तीन वाटांनी तंट्यात येतो. पहिली वाट पक्षकाराची. वादी अथवा प्रतिवादी आपल्या खर्चाने तज्ज्ञ नेमतो. दुसरी वाट न्यायालयाची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ मधील नियम ९ अन्वये स्थळपाहणीसाठी आणि नियम १०-अ अन्वये वैज्ञानिक तपासणीसाठी न्यायालय आयुक्त नेमू शकते. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ११५ अन्वये स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार घेता येतो. लवादापुढील प्रकरणांत १९९६ च्या लवाद व समेट अधिनियमाच्या कलम २६ नुसार लवादालाही तज्ज्ञ नेमण्याची मुभा आहे, व त्या तज्ज्ञाला पक्षकार प्रश्न विचारू शकतात. तिसऱ्या वाटेत तज्ज्ञ न्यायासनावरच बसतो. २०१० च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्यही असतात. या न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे.

पक्षकाराने पैसे देऊन आणलेला तज्ज्ञ निःपक्षपाती कसा राहील, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. इंग्लंडमध्ये १९९९ पासून अमलात आलेल्या दिवाणी नियमांनी त्याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. तज्ज्ञाचे पहिले कर्तव्य न्यायालयाशी असून, त्याला नेमणाऱ्या अथवा मानधन देणाऱ्या पक्षाशी असलेले बंधन त्यानंतरचे, असे ते नियम सांगतात. चांगला तज्ज्ञ आपल्याच अशिलाला प्रतिकूल असलेली गोष्टही आधी सांगून टाकतो. त्यामुळे कित्येक दावे दाखल होण्यापूर्वीच मिटतात.

दोन स्पार्क प्लगांचा वाद

आकुर्डी येथील बजाज ऑटो कंपनीने लहान व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग वापरणाऱ्या इंजिनासाठी २००२ साली पेटंटचा अर्ज केला, आणि २००५ साली तिला ते मिळाले. २००७ साली दक्षिणेतील टीव्हीएस मोटर कंपनीने १२५ सीसीची एक मोटारसायकल जाहीर केली. तिच्या इंजिनातही दोन स्पार्क प्लग होते. बजाज कंपनीने आपल्या पेटंटचा भंग झाल्याचा दावा केला. आपल्या इंजिनात तीन झडपा असून त्याची रचना वेगळी आहे, तसेच लहान इंजिनात दोन प्लग वापरण्याची कल्पना अगोदरपासूनच ज्ञात होती, असा प्रतिपक्षाचा युक्तिवाद होता.

सामान्य माणसाला हा वाद दोन प्लगांचा वाटेल. वस्तुतः प्रश्न असा होता की, पेटंटच्या दस्तऐवजात ज्या शब्दांनी शोधाची मर्यादा आखली आहे, त्या मर्यादेत दुसरे इंजिन येते किंवा नाही, आणि मूळ शोध खरोखर नवा होता किंवा नाही. पहिल्या प्रश्नासाठी ज्वलनकक्षाचे ज्ञान लागते. दुसऱ्यासाठी जगभरातील जुनी पेटंटे शोधून त्यांची तुलना करावी लागते. दोन्ही ठिकाणी अभियांत्रिकी व कायदा यांची सांगड घालावी लागते.

या प्रकरणी मद्रास उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने फेब्रुवारी २००८ मध्ये अंतरिम मनाई हुकूम दिला. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादीला मोटारसायकल विकण्याची मुभा दिली. परंतु तिच्या देशांतर्गत विक्रीचा व निर्यातीचा अचूक हिशेब ठेवावा आणि त्यासाठी रिसीव्हर नेमावा, असा आदेशही दिला. पेटंट, व्यापारचिन्हे व स्वामित्वहक्क यांचे दावे अंतरिम हुकमांच्या वादात वर्षानुवर्षे अडकून न पडता, साधारणतः चार महिन्यांत अंतिम निकालास जावेत, असे त्या न्यायालयाने बजावले. तरीही या दोन कंपन्यांमधील वाद २०१९ साली आपसांतील समझोत्यानेच संपला.

यातील हिशेबाचा आदेश विशेष बोधप्रद आहे. पुढे नुकसानभरपाई ठरवावयाची झाल्यास लेखापाल-तज्ज्ञाला आधार हवा असतो, आणि तो आधार त्या त्या दिवशी झालेल्या विक्रीच्या नोंदीतूनच मिळतो. मागाहून आठवणीने तयार केलेला हिशेब न्यायालयात फार काळ उभा राहत नाही.

रोलरवरची मोटार आणि रस्त्यावरची मोटार

दुसरे उदाहरण फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचे आहे. तिचा चाकण येथील कारखाना २००९ साली सुरू झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या कंपनीवर नोटीस बजावली. डिझेल मोटारींतील संगणकीय प्रणाली वाहनाची चाचणी चालू आहे हे ओळखते आणि तेवढ्यापुरती धूर-नियंत्रण यंत्रणा पूर्णपणे चालविते, असा तिचा आरोप होता. या आरोपाचे मूळ एका साध्या प्रयोगात होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी मोजमापाचे उपकरण गाडीतच बसवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालविली. प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरत असताना मिळणारे आकडे आणि रस्त्यावर मिळणारे आकडे यांत मोठी तफावत त्यांना आढळली.

भारतात ही तपासणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडे आली. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था वाहनांच्या चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे. रस्त्यावरील चाचणीत काही वाहनांचे उत्सर्जन त्या वेळच्या भारत स्टेज-४ मानकाच्या १.१ ते २.६ पट असल्याचे तिला आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. भारतातील मानकांचा भंग झालेला नाही. ती मानके प्रयोगशाळेतील चाचणीसाठी आहेत, रस्त्यावरील चाचणी त्यांत विहितच नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते.

दिल्लीतील एक शाळाशिक्षिका व काही नागरिक यांनी हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेले. न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१८ मध्ये चार सदस्यांची तज्ज्ञ समिती नेमून पर्यावरणाच्या हानीचे मूल्यमापन करण्यास सांगितले. समितीने दिल्लीसारखे महानगर आधारभूत धरून २०१६ या वर्षी सुमारे ४८.६८ टन अधिक नायट्रोजन ऑक्साइडे हवेत गेल्याचा अंदाज केला, आणि त्यामुळे झालेल्या आरोग्यहानीचे मूल्य १७१.३४ कोटी रुपये काढले. सर्व प्रकारच्या हानीचे गणित करण्याची पद्धत उपलब्ध नसल्यामुळे हा अंदाज संयमित असल्याचेही तिने नमूद केले.

न्यायाधिकरणाने मात्र मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. इतरांना जरब बसावी हा त्यामागील एक हेतू होता. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली.

या प्रकरणात तीन वेगवेगळ्या भूमिका स्पष्ट दिसतात. मोजणी करणे हे तज्ज्ञाचे काम. त्या मोजणीचा कायदेशीर अर्थ लावून दायित्व ठरविणे हे न्यायाधिकरणाचे काम. आणि मोजणी नेमकी कशी व्हावी, हे आधीच लिहून ठेवणे नियम करणाऱ्याचे काम. तिसऱ्या ठिकाणी उणीव राहिल्यामुळे पहिल्या दोन ठिकाणी वाद झाला. भारत स्टेज-६ मानकांच्या पुढील टप्प्यात १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची मर्यादा लागू झाली, हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे.

कंपनीच्या आतील चौकशी

सर्वच तंटे न्यायालयात सुरू होत नाहीत. काहींचा उगम कंपनीच्या खरेदी विभागात अथवा गुदामात होतो. समजा, एखाद्या कारखान्यातून भंगार विकले जाते. वजनकाट्याची पावती आठ टनांची आहे, फाटकावरील नोंद दहा टनांची आहे, आणि बिल सात टनांचे आहे. यांतील खरे कोणते, फरक चुकीने पडला की ठरवून पाडला, आणि त्याचा लाभ कोणाला झाला, हे शोधणे म्हणजे अंतर्गत चौकशी होय.

या कामात लेखापाल-तज्ज्ञ पैशाचा माग घेतो. संगणकतज्ज्ञ यंत्रातील माहिती जशीच्या तशी उतरवून घेतो व तिच्यात नंतर बदल झाला नाही याची संगणकीय खूण नोंदवितो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असून दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची स्वाक्षरी आवश्यक असते. संशयिताला म्हणणे मांडण्याची संधी देणे हेही चौकशीचे अंग आहे. ते वगळल्यास चौकशीच दोषी ठरते, आणि निरपराध कामगाराची नोकरी जाण्याचा धोका निर्माण होतो.

कंपनी अधिनियम, २०१३ ने या बाबतीत काही बंधने घातली आहेत. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी अथवा कर्मचाऱ्यांनी घोटाळा केल्याचे लेखापरीक्षकाच्या लक्षात आल्यास कलम १४३(१२) नुसार त्याने ते कळविले पाहिजे. कलम १७७ अन्वये विवक्षित कंपन्यांना, कर्मचाऱ्यांनी निर्भयपणे तक्रार करावी अशी यंत्रणा ठेवावी लागते. जनहिताच्या मोठ्या प्रकरणांचा तपास केंद्र शासन गंभीर घोटाळा तपास कार्यालयाकडे सोपवू शकते. २००३ साली स्थापन झालेल्या या कार्यालयाला २०१३ च्या अधिनियमाने वैधानिक दर्जा दिला. त्यात लेखापाल, कायदेपंडित, माहिती तंत्रज्ञ अशा विविध विषयांचे जाणकार एकत्र काम करतात.

नियामकांचा हात

कंपनीवर केव्हा, कोणत्या कायद्याखाली व किती मोठी कारवाई होऊ शकेल याचा आगाऊ अंदाज घेणे, यास अंमलबजावणीच्या जोखमीचे मूल्यमापन म्हणतात. या जोखमीचा आवाका केवढा असतो, हे दोन प्रकरणांवरून दिसेल.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात न मिळू देणे हा ठपका होता. पिंपरीत अथवा चाकणला कारखाने असलेल्या टाटा मोटर्स, महिंद्र, मर्सिडीज-बेंझ व फोक्सवॅगन या कंपन्यांचा त्यांत समावेश होता. हे प्रकरण पुढे अपिलात गेले. गावच्या नाक्यावरील गॅरेज चालविणाऱ्या मिस्त्रीचे हित या वादात गुंतलेले होते. सुट्या भागांची बाजारपेठ वेगळी मानावयाची की मोटारीच्या बाजारपेठेचाच ती भाग आहे, या प्रश्नावर तो वाद फिरत होता, आणि हा प्रश्न मुख्यतः अर्थशास्त्राचा आहे. स्पर्धा अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये आयोगाला अर्थशास्त्र, वाणिज्य, लेखाशास्त्र आदी विषयांचे तज्ज्ञ बोलाविण्याचा अधिकार दिला आहे तो याच कारणास्तव.

दुसरे प्रकरण सीमाशुल्काचे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया या कंपनीवर सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या करमागणीची नोटीस बजावली. मोटारीचा जवळजवळ संपूर्ण संच सुट्या स्वरूपात आणल्यास ३० ते ३५ टक्के शुल्क पडते, आणि वेगवेगळे सुटे भाग म्हणून आणल्यास ५ ते १५ टक्के. कंपनीने संच वेगवेगळ्या खेपांत विभागून आणला, असा विभागाचा आरोप आहे. तो अमान्य करून कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. ‘सुटा भाग’ कोठे संपतो आणि ‘संच’ कोठे सुरू होतो, हे ठरविताना कायद्याइतकेच पुरवठ्याच्या व्यवस्थेचे ज्ञान लागते.

लहान कारखाने आणि सुरक्षिततेचा प्रश्न

मोठ्या कंपन्यांना असे सल्लागार परवडतात. तळवडे, भोसरी अथवा चाकणच्या गल्लीबोळांतील दहा-वीस कामगारांच्या उद्योगाला ते परवडत नाहीत. परंतु जोखीम तेथेही असते, आणि ती केवळ पैशाची नसते. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या तयार करण्याच्या ठिकाणी भीषण आग लागून अनेक महिला कामगारांचा बळी गेला. आवश्यक त्या परवानग्यांविना हे काम चालू असल्याचे दुर्घटनेनंतर पुढे आले.

अशा दुर्घटनेनंतर आग कोठे लागली, कोणता पदार्थ किती साठविला होता, बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे होते काय, हे न्यायसाहाय्यक प्रयोगशाळेचे व अग्निशमन विभागाचे तज्ज्ञ शोधून काढतात. त्यांच्या अहवालाने जबाबदारी निश्चित होते. गेलेला जीव परत येत नाही. तेच प्रश्न आग लागण्यापूर्वी विचारले गेले असते, तर त्यांची उत्तरे मिळविण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती. जागेचा वापर कशासाठी होत आहे, ज्वालाग्राही माल आहे काय, दुसरा दरवाजा आहे काय, एवढे पाहणे स्थानिक यंत्रणेला शक्य असते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, अग्निशमन विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ व स्थानिक संस्था यांच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहिल्यास एकाच्या दप्तरात नसलेला कारखाना दुसऱ्याच्या कर-आकारणीच्या वहीत सापडू शकतो.

पाण्याची एक बाटली

नमुन्याचे महत्त्व इंद्रायणीच्या उदाहरणावरून चांगले समजते. देहू व आळंदी या तीर्थक्षेत्रांवरून वाहणाऱ्या या नदीवर पांढरा फेस तरंगत असल्याचे दृश्य गेल्या काही वर्षांत वारंवार दिसले आहे. तो पाहून गावकऱ्यांना संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु हा फेस कोणाच्या सांडपाण्यामुळे आला, घरगुती मैलापाण्यामुळे की कारखान्याच्या रसायनांमुळे, हे केवळ डोळ्यांना दिसत नाही.

महाराष्ट्राने या क्षेत्रात लवकर पाऊल टाकले होते. १९६९ च्या राज्य अधिनियमान्वये ७ सप्टेंबर १९७० रोजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना झाली. त्यानंतर केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ आला. त्याच्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना कसा घ्यावा, हे सविस्तर सांगितले आहे. मंडळाच्या अधिकृत व्यक्तीने कारखान्याच्या ताबेदारास पृथक्करणाच्या उद्देशाची नोटीस द्यावयाची. त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावयाचे. दोन्ही भाग स्वतंत्र पात्रांत भरून, खुणा करून, मोहोरबंद करावयाचे व त्यांवर दोघांच्या सह्या घ्यावयाच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे आणि ताबेदाराने मागणी केल्यास दुसरा भाग कायद्याने विहित केलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा. ही पद्धत पाळली नसेल, तर त्या पृथक्करणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही.

याचा अर्थ असा की, नदी खरोखर दूषित झालेली असेल, रसायनशास्त्रज्ञाचा अहवालही बिनचूक असेल, तरी बाटलीवर सही नसल्यामुळे सारे व्यर्थ जाऊ शकते. या दंडकात कारखानदारालाही संरक्षण आहे. आपल्यावर खोटा नमुना लादला जाणार नाही, याची खात्री दुसऱ्या मोहोरबंद भागामुळे त्याला मिळते.

नदीच्याच संदर्भातील दुसरे उदाहरण पूररेषेचे आहे. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा जलसंपदा विभागाचे अभियंते आखतात. चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून महानगरपालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. सर्वोच्च न्यायालयाकडूनही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या कुटुंबांचे त्यात अतोनात नुकसान झाले. भूखंड विकत घेण्यापूर्वी नकाशावरील ती रेषा त्यांना कोणी दाखविली असती, तर हा प्रसंग टळला असता.

स्थानिक पातळीवर काय करता येईल

या सर्व प्रकरणांतून अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना उपयोगी पडतील असे काही निष्कर्ष निघतात :

१. घटना घडल्याबरोबर तिची नोंद करावी. तारीख, वेळ, नेमके ठिकाण, वास, रंग, वाऱ्याची दिशा व उपस्थितांची नावे लिहून पंचनाम्यावर सह्या घ्याव्यात. छायाचित्र घेतल्यास मूळ प्रत यंत्रात तशीच ठेवावी.

२. पाण्याचा कायदेशीर नमुना ग्रामपंचायतीला स्वतः घेता येत नाही. तो मंडळाच्या अधिकृत व्यक्तीनेच घ्यावा लागतो. म्हणून मंडळाच्या क्षेत्रीय कार्यालयास विनाविलंब लेखी कळवावे व पोच घ्यावी. विलंब झाल्यास पाणी वाहून जाते, आणि त्याबरोबर पुरावाही.

३. मत व वस्तुस्थिती यांची गल्लत करू नये. ‘ओढ्याचे पाणी तांबडे होते’ ही वस्तुस्थिती आहे. ‘अमुक कारखान्याने विष सोडले’ हा निष्कर्ष आहे, आणि तो तज्ज्ञाने काढावयाचा आहे.

४. तज्ज्ञाचा अहवाल हाती आल्यावर त्याला चार प्रश्न विचारावेत. नमुना कोणी व कोठून घेतला? तो कोणाकोणाच्या हातून गेला? कोणत्या पद्धतीने तपासला? दुसऱ्या तज्ज्ञाने तीच पद्धत वापरल्यास तोच निष्कर्ष निघेल काय? तज्ज्ञाला असे प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अवमान नव्हे.

५. कारखान्यांच्या परवानग्या, पूररेषेचे नकाशे व कर-आकारणीच्या नोंदी ग्रामपंचायतीत एकत्र उपलब्ध असाव्यात, आणि ग्रामसभेत त्यांचे वाचन व्हावे.

६. शाळांनी विज्ञानाच्या तासाला ओढ्याच्या पाण्याचे तापमान, रंग व आम्लता यांची मासिक नोंद ठेवावी. न्यायालयात ती निर्णायक ठरणार नाही. परंतु बदल केव्हापासून सुरू झाला, हे तज्ज्ञाला त्या वहीतून कळू शकते. नोंदीची शिस्त मुलांच्या अंगी बाणते हा त्यातील अधिक टिकाऊ लाभ होय.

तज्ज्ञांचा सल्ला ही आधुनिक औद्योगिक समाजाची गरज आहे, आणि ती पुढे वाढतच जाणार. कोट्यवधी रुपयांचे दावे चालविणाऱ्या नामवंत अभियंत्याला व लेखापालाला अखेर आधार घ्यावा लागतो तो दुसऱ्या कोणी तरी त्या त्या वेळी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेल्या आकड्याचा. तो लिहिणारा वजनकाट्यावरचा कारकून असेल, मंडळाचा क्षेत्र अधिकारी असेल, ग्रामपंचायत अधिकारी असेल अथवा शाळेतील शिक्षक असेल. पवना आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात उद्योगही नांदावेत आणि माणसेही सुरक्षित राहावीत असे वाटत असेल, तर त्या नोंदी करणाऱ्या हातांना प्रशिक्षण, वेळ आणि संरक्षण मिळाले पाहिजे. न्यायालयात कोणत्या बाजूचे पारडे जड होईल हे नंतर ठरते; त्यात टाकावयाची वजने मात्र गावात आणि कारखान्याच्या फाटकावरच तयार होतात.